संगणकातील कोंडी व तिचा शोध

ज्या शास्त्राने वयाची शंभरी अद्याप गाठलेली नाही, त्याचा इतिहास लिहावयास बसणे कित्येकांस घाईचे वाटेल. इतिहास म्हणजे राजघराण्यांच्या वंशावळी व लढायांच्या तारखा, असा ज्यांचा समज आहे त्यांस तर यंत्रातील एखाद्या दोषालाही इतिहास असू शकतो हे प्रथमदर्शनी पटणार नाही. परंतु दोषांनाही कुळ असते, आणि काही दोषांचे कुळ त्या यंत्रांहून जुने असते. संगणकावर चालणारे प्रोग्राम परस्परांशी बोलत असता कधी कधी, महिन्या-दोन महिन्यांतून एखादे वेळी, काहीही न मोडता व काहीही न बिघडता, जागच्या जागी थिजून जातात. ह्या दोषास इंग्रजी शास्त्रकार डेडलॉक म्हणतात व आपण मराठीत कोंडी म्हणू. ह्या कोंडीचा इतिहास आज वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे.

विषय रूक्ष आहे अशी शंका घेऊन वाचकांनी पान उलटू नये, एवढी विनंती आहे. श्रीरामपूर, राहाता, नेवासे ह्या टापूतील पुष्कळ घरांतील मुले-मुली आज पुण्यास संगणकाच्या व्यवसायात आहेत. मध्यरात्री फोन वाजतो, मुलगा उठून काम करावयास बसतो, आणि सकाळी आईने विचारले की, "काय झाले होते रे?" तर तो म्हणतो, "काही नाही, सर्व्हर अडकला होता, पुन्हा चालू केला." ह्या उत्तराने आईचे समाधान होते, मुलाचे होत नाही, कारण तो का अडकला हे त्यास कळलेले नसते, आणि पुन्हा तसाच फोन येणार हे त्यास ठाऊक असते. तो का अडकतो, आणि 'पुन्हा चालू केला' ह्या तीन शब्दांनी काय साधते व काय हातचे जाते, हाच आमच्या लेखाचा विषय होय.

कोंडी म्हणजे काय हे समजण्यास संगणक लागत नाही. लखनौच्या दोन नवाबांची गोष्ट सर्वांस माहीत आहे. 'पहले आप, पहले आप' म्हणता म्हणता दोघेही फलाटावरच राहिले व गाडी निघून गेली. दोघांपैकी कोणी उद्धट नव्हता, कोणी आळशी नव्हता. उलट दोघेही आपापला शिष्टाचार निष्ठेने पाळीत होते. कोंडीचे मर्म नेमके ह्यात आहे. प्रत्येकजण आपल्या नियमाप्रमाणे बरोबर वागत असतो, आणि तरीही सर्वांचे मिळून काम बंद पडते. म्हणून 'चूक कोणाची?' हा प्रश्न येथे उपयोगी पडत नाही. 'कोण कशाला धरून बसला आहे, आणि कोण कोणाची वाट पाहात आहे?' असे विचारले, तरच उलगडा होतो. हा दुसरा प्रश्न विचारावयास माणूस कसा शिकला, हेच ह्या विषयाच्या इतिहासाचे सार आहे.

ह्या इतिहासाचे पहिले प्रकरण आमच्या श्रीरामपूरकरांस परके नाही. प्रवराकाठचे बेलापूर हे जुने गाव. श्रीरामपूर हे शहर वाढले ते लोहमार्गाच्या आश्रयाने, आणि येथील स्टेशनास दीर्घकाळ बेलापूर ह्याच नावाने लोक ओळखीत आले. दौंड ते मनमाड हा तो मार्ग १८७८ साली खुला झाला, व पुढे कित्येक दशके तो एकेरी होता. त्याचे दुपदरीकरण अगदी अलीकडच्या काळात हाती घेण्यात आले. एकेरी मार्गावर दोन्ही दिशांच्या गाड्या त्याच रुळांवरून धावावयाच्या. तेव्हा पहिले भय टकरीचे. इंग्लंडात नॉरिच शहराजवळ थॉर्प येथे १० सप्टेंबर १८७४ रोजी अशीच दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर होऊन पंचवीस माणसे प्राणास मुकली. तारायंत्राच्या निरोपांत घोटाळा होऊन एकेरी मार्गावर दोन्ही बाजूंनी गाड्या सोडल्या गेल्या होत्या. ह्या अनर्थानंतर एडवर्ड टायर ह्या गृहस्थाने विद्युत्-टॅब्लेटाची पद्धती सिद्ध केली. तीही, योगायोग असा की, १८७८ सालीच. दोन स्टेशनांच्या दरम्यानच्या मार्गासाठी दोन्हीकडे जोडलेली यंत्रे. त्यांतून एका वेळी एकच चकती बाहेर निघावयाची. आणि ज्या चालकाच्या हाती ती चकती असेल त्यानेच त्या भागात गाडी न्यावयाची. भारतातील एकेरी मार्गांवर नीलच्या यंत्रातून निघणारा धातूचा गोळा हेच काम करी. मोठ्या कड्याला लावलेल्या पिशवीतून तो गोळा चालत्या गाडीच्या चालकाकडे दिला जाताना पाहिलेली माणसे आजही पुष्कळ भेटतील.

हा गोळा म्हणजे कुलपाची एकुलती एक किल्लीच होय. त्याने टकरीचे भय निवारले. परंतु त्यातूनच दुसरी एक अडचण जन्मास आली, आणि तिच्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. अशी कल्पना करा की, लागोपाठच्या दोन स्टेशनांत गाड्या बाजूस घेण्याचे जेवढे रूळ आहेत तेवढे सगळे गाड्यांनी भरून गेले आहेत. एका स्टेशनातील सर्व गाड्यांस दक्षिणेस जावयाचे आहे, दुसऱ्यातील सर्व गाड्यांस उत्तरेस. मधला मार्ग मोकळा आहे; पण पलीकडे उभे राहण्यास जागा नाही, म्हणून इकडची गाडी सुटत नाही; आणि इकडची सुटत नाही म्हणून इकडे जागा होत नाही. टक्कर कोठेच नाही, मार्ग शाबूत आहे, सिग्नल ठीक आहेत, नोकर दक्ष आहेत, आणि एकही गाडी हलत नाही. टक्कर टाळण्यासाठी जो नियम केला, त्याच नियमाच्या काटेकोर पालनातून ही कोंडी उत्पन्न होते. तिच्यावर रेल्वेने उपाय केला तो असा की, साऱ्या मार्गाचा नकाशा ज्याच्यापुढे आहे असा एक नियंत्रक नेमावयाचा, आणि त्याने दोन-तीन स्टेशने आधीच एखादी गाडी रोखून धरावयाची. म्हणजे कोंडी फोडण्यापेक्षा ती होऊच न देणे, व त्यासाठी कोणी तरी सर्व काही एकत्र पाहणारा असणे. हा धडा पुढे संगणकशास्त्रास पुन्हा नव्याने शिकावा लागला.

लोहमार्ग व संगणक ह्यांचे हे नाते आम्ही ओढूनताणून जोडीत आहोत असे कोणी समजू नये. ते शब्दांतच उमटलेले आहे. १९६२-६३च्या सुमारास हॉलंडातील एड्सगर डाइक्स्ट्रा ह्या गणितज्ञाने, एकाच यंत्रावर अनेक कामे एकाच काळी चालत असता ती परस्परांवर आदळू नयेत म्हणून जी युक्ती योजिली, तिला त्याने नाव दिले 'सेमाफोर'; आणि सेमाफोर म्हणजे रेल्वेचा हात असलेला सिग्नल. पुढे जाण्याची परवानगी घेणे व मार्ग मोकळा करणे ह्या दोन क्रियांसाठी त्याने घेतलेली आद्याक्षरेही रेल्वेच्या परिभाषेतील डच शब्दांचीच होती. १९६५ साली लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध प्रबंधात त्याने ह्या युक्तीबरोबरच तिच्यातून उद्भवणाऱ्या कोंडीचेही वर्णन केले, व तिला 'प्राणघातक मिठी' अशा अर्थाचे नाव दिले. त्याच सुमारास विद्यार्थ्यांच्या परीक्षेसाठी त्याने एक प्रश्न घातला होता. टोनी होअर ह्याने त्यास पुढे तत्त्ववेत्त्यांच्या पंगतीचे रूप दिले. पाच तत्त्ववेत्ते गोल मेजाभोवती बसले आहेत, दोघादोघांच्या मध्ये एकेक काटा आहे, आणि जेवावयास प्रत्येकास दोन काटे लागतात. पाचांनी एकाच क्षणी आपापल्या डाव्या हाताचा काटा उचलला की, प्रत्येकजण उजव्या काट्याची वाट पाहात उपाशी बसतो. आणि पाचही जण तत्त्ववेत्ते असल्यामुळे कोणी तक्रारही करीत नाही!

ह्यानंतरची काही वर्षे विचारास शिस्त लावण्याची होत. १९६८ साली आयबीएम कंपनीतील हॅव्हेंडर ह्याने एक साधा नियम मांडला. ज्या ज्या वस्तूंसाठी कामांची ओढाताण होते त्या सर्वांस क्रमांक द्यावे, आणि प्रत्येकाने त्या लहान क्रमांकाकडून मोठ्या क्रमांकाकडे ह्याच ओळीने घ्याव्या. वाट पाहणाऱ्यांचे वर्तुळ पुरे व्हावयाचे असेल तर त्यात कोणी तरी मोठा क्रमांक हाती धरून लहान क्रमांकाची वाट पाहिली पाहिजे. तेच निषिद्ध केल्यावर वर्तुळ बनणारच नाही. १९७१ साली कॉफमन, एल्फिक व शोशानी ह्या तिघांनी कोंडीस आवश्यक अशा चार अटी एकत्र सांगितल्या: वस्तू एका वेळी एकाच्याच हाती असणे, हातची न सोडता दुसरीची वाट पाहणे, कोणाच्या हातून ती बळाने काढून घेता न येणे, आणि वाट पाहणाऱ्यांचे वर्तुळ पुरे होणे. चारांपैकी एक जरी मोडली तरी कोंडी संभवत नाही. पुढच्याच वर्षी होल्ट ह्याने ही सारी गोष्ट आलेखाच्या रूपाने मांडली. कागदावर टिंबे काढा, 'हा त्याची वाट पाहतो' असे बाण काढा, आणि बाणांचे वर्तुळ होते की नाही ते पाहा. वर उल्लेखिलेला दुसरा प्रश्न येथे रेघांनी काढता येण्याजोगा झाला.

इथवरची सारी चर्चा एका यंत्राच्या चार भिंतींच्या आतील होती. यंत्रे तारांनी जोडली गेल्यावर कोंडीने नवे रूप घेतले. अमेरिकेतील आर्पानेट हे संगणकांचे जाळे १९६९ साली चालू झाले. त्यात मोठा निरोप आठपर्यंत तुकड्यांत विभागून पाठवीत, व पोहोचण्याच्या ठिकाणचे लहान यंत्र ते तुकडे गोळा करून निरोप पुन्हा अखंड करी. जाळे उभारणाऱ्या कंपनीतील रॉबर्ट कान ह्यास एक शंका आली. पोहोचण्याच्या ठिकाणी सारी जागा अर्धवट निरोपांनी भरून गेली, आणि ते पुरे करणारे तुकडे शेजारच्या यंत्रांत येऊन अडकले, तर? आत जागा नाही म्हणून तुकडे येत नाहीत; तुकडे येत नाहीत म्हणून निरोप पुरे होत नाहीत; निरोप पुरे होत नाहीत म्हणून जागा होत नाही. सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, असा योग प्रत्यक्षात येणे फार दुर्मिळ. कान १९७०च्या प्रारंभी लॉस अँजेलिसच्या विद्यापीठात गेला, मुद्दाम तशी रहदारी जाळ्यात सोडली, आणि जाळे कुंठित करून दाखविले. १९७२ साली त्याने व क्राउदर ह्याने मिळून ह्या प्रश्नावर निबंध प्रसिद्ध केला. मोठा निरोप पाठविण्यापूर्वी पलीकडे जागा राखून ठेवण्याची परवानगी घ्यावी, हा त्यावरील उपाय ठरला. पुढचे स्टेशन मोकळे आहे ही खात्री झाल्याशिवाय गाडी सोडू नये, हाच तो नियम होय. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, 'दुर्मिळ' ह्या शब्दाने त्या मनुष्याचे समाधान झाले नाही.

महाराष्ट्रातही ह्या प्रश्नाशी झुंजण्याचा प्रसंग लवकरच आला. १९८८ साली पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली व तिची धुरा अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या विजय भटकरांकडे आली. १९९१ साली त्या संस्थेने परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. त्यात ट्रान्स्प्युटर नावाचे चौसष्ट लहान संगणक परस्परांस जोडून एकाच कामास जुंपलेले होते. ट्रान्स्प्युटरांच्या संभाषणाची रीत होअरच्या १९७८च्या विचारांवर आधारलेली होती. पाठविणारा व घेणारा दोघेही सिद्ध असतील तेव्हाच निरोप हातातून हातात जावयाचा. तोवर जो आधी आला असेल त्याने थांबावयाचे. ह्या रीतीत शेजारच्या दोघांनी एकाच वेळी 'आधी मी सांगतो, मग तुझे ऐकतो' असा पवित्रा घेतला की, दोघेही कायमचे उभे राहतात. म्हणून अशा यंत्रांवर प्रोग्राम लिहिणाऱ्यास, कोणी आधी बोलावे व कोणी आधी ऐकावे हे अगोदरच ठरवून द्यावे लागते. पुण्यातील संगणकतज्ज्ञांच्या एका पिढीचे समांतर गणनाचे शिक्षण अशा शिस्तीत झाले.

आता आपण सॉकेटाकडे वळू. १९८३ साली बर्कले विद्यापीठाने युनिक्स प्रणालीची जी आवृत्ती प्रसृत केली, तिच्यात दोन प्रोग्रामांनी जाळ्यावरून बोलण्यासाठी सॉकेट ही सोय होती. सॉकेट म्हणजे टेलिफोनच्या दोन टोकांसारखे समजावे. मात्र प्रत्येक टोकास आलेले शब्द साठविण्याची व जाणारे शब्द ठेवण्याची एकेक लहान टाकी आहे. ही टाकी भरली की बोलणाऱ्यास थांबावे लागते. रिकामी असली की ऐकणाऱ्यास थांबावे लागते. आता समजा, एका प्रोग्रामाने हजारो प्रश्न एका दमात पाठवावयास आरंभ केला व 'सर्व प्रश्न पाठवून झाले की उत्तरे वाचीन' असे ठरविले. पलीकडचा प्रोग्राम एकेक प्रश्न वाचून उत्तर पाठवितो आहे. उत्तरे कोणी वाचीत नाही, म्हणून इकडची टाकी भरते. मग पलीकडची भरते. मग पलीकडचा लिहिताना थांबतो, आणि थांबला म्हणून प्रश्न वाचीत नाही. मग प्रश्नांच्याही टाक्या भरतात व इकडचाही थांबतो. शंभर प्रश्नांनी टाक्या भरत नाहीत, म्हणून परीक्षणात हा प्रोग्राम निर्दोष ठरतो. दिवाळीच्या सुमारास गर्दी वाढते व प्रश्नांची संख्या चढते, तेव्हा तो थिजतो. ह्याहून फसवी स्थिती म्हणजे, पलीकडच्या यंत्राची वीजच जाणे. मेलेला मनुष्य 'मी मेलो' असे सांगत नाही. इकडचा प्रोग्राम येणार नाही अशा शब्दाची वाट पाहात बसतो. पलीकडचा जिवंत आहे काय हे मधूनमधून विचारण्याची सोय आहे. परंतु १९८९च्या नियमांप्रमाणे ती मुद्दाम चालू करावी लागते, आणि चालू केली तरी पहिली विचारपूस सामान्यतः दोन तासांच्या शांततेनंतर होते.

ह्यात थ्रेडांची भर पडली म्हणजे चित्र पुरे होते. एकाच प्रोग्रामात अनेक धागे एकाच काळी काम करतात. त्यांस थ्रेड म्हणतात. त्यांसाठीचे एक प्रमाणित रूप १९९५ साली ठरले. एकाच वहीत दोन कारकुनांनी एकदम लिहू नये म्हणून जशी वहीस किल्ली, तसे थ्रेडांच्या सामायिक वस्तूंस लॉक असते. आता ही स्थिती पाहा. पहिल्या यंत्रावरील एक थ्रेड वहीचा लॉक हाती घेतो, आणि तो न सोडता सॉकेटावरून दुसऱ्या यंत्रास प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहतो. दुसऱ्या यंत्रास उत्तर देण्यापूर्वी पहिल्याकडूनच काही खातरजमा करून घ्यावीशी वाटते. ते प्रतिप्रश्न विचारते. तो प्रश्न पहिल्या यंत्रावरील दुसऱ्या थ्रेडाकडे येतो. त्यास उत्तर देण्यासाठी तीच वही उघडावयाची आहे, आणि तिची किल्ली पहिल्या थ्रेडाच्या हाती आहे. वर्तुळ पुरे झाले. परंतु दुसऱ्या यंत्रास अशी खातरजमा क्वचितच लागते, म्हणून हा प्रोग्राम महिनोन्महिने बिनबोभाट चालतो.

अशा कोंडीच्या शोधातील खरी अडचण आता सांगतो. तिच्या वर्तुळाचा एक भाग एका यंत्रात असतो, एक तारेवर असतो व एक दुसऱ्या यंत्रात असतो. उदाहरणार्थ, जावा भाषेतील साधने थिजलेल्या प्रोग्रामातील प्रत्येक थ्रेड काय करीत आहे ह्याची यादी देतात, व लॉकांचे वर्तुळ असेल तर ते शोधूनही दाखवितात. परंतु सॉकेटावर उत्तराची वाट पाहणारा थ्रेड त्या यादीत बहुधा 'चालू' म्हणून नोंदलेला असतो! साधनाच्या दृष्टीने तो कोणाच्या लॉकासाठी थांबलेला नाही. म्हणून वर्तुळ दिसत नाही व कोंडी नाही असे साधन सांगते. प्रत्येक यंत्राचा कारकून आपल्यापुरते खरे तेच सांगतो. रेल्वेच्या नियंत्रकासारखा सर्व मार्ग पाहणारा मात्र येथे कोणी नसतो. ह्यावर १९८३ साली मणि चंडी, जयदेव मिश्र व लॉरा हास ह्यांनी एक सुंदर युक्ती सुचविली. ह्यांतील पहिले दोघे भारतात जन्मलेले. ज्यास कोंडीची शंका येईल त्याने आपण ज्याची वाट पाहात आहोत त्याकडे एक चिठ्ठी पाठवावी; त्याने ती तो ज्याची वाट पाहात असेल त्याकडे पुढे द्यावी; आणि फिरत फिरत ती चिठ्ठी मूळ धन्याकडे परत आली तर वर्तुळ आहे हे निश्चित. सर्व मार्ग एकत्र न पाहताही वर्तुळ ओळखण्याची ही रीत आहे.

एवढे शास्त्र सिद्ध असता मध्यरात्रीचे फोन का थांबत नाहीत, असे वाचक विचारतील. त्याचे कारण दुर्मिळता. १९८५ साली टँडेम कंपनीतील जिम ग्रे ह्याने संगणक का बंद पडतात ह्यावर एक निबंध लिहिला. त्यात त्याने दोषांच्या दोन जाती मानल्या: त्याच परिस्थितीत हटकून दिसणारे दोष, आणि पाहावयास गेले की नाहीसे होणारे दोष. दुसऱ्या जातीस त्याने पदार्थवैज्ञानिक हायझेनबर्ग ह्याच्या नावावरून बनलेले नाव वापरले. त्याने उल्लेखिलेल्या १३२ दोषांपैकी केवळ एकच पहिल्या जातीचा होता. ही दुसरी जात अशी लाजाळू असते की, शोधासाठी प्रोग्रामात नोंदी लिहिण्याची चार वाक्ये घातली तरी थ्रेडांच्या वेळा किंचित बदलतात व कोंडी होतच नाही. ग्रेने ह्यातून काढलेला व्यावहारिक निष्कर्ष असा की, असे दोष पुन्हा प्रयत्न केला असता बहुधा दिसत नाहीत. तेव्हा यंत्रणा अशी रचावी की तिला अडखळूनही पुन्हा उभे राहता यावे. हा विचार खोटा नाही. ज्या बँकेपुढे गिऱ्हाइकांची रांग उभी आहे तिने शोध पुरा होईपर्यंत दारे बंद ठेवावी असे कोणीही म्हणणार नाही.

परंतु येथे एक भेद केला पाहिजे, आणि तो आमच्या मते ह्या सर्व इतिहासाने शिकविलेला आहे. टक्कर झाली म्हणजे पुरावा विखुरतो. कोंडीत तो अबाधित राहतो. थिजलेला प्रोग्राम हा हललेला नसलेला साक्षीदार आहे. प्रत्येक थ्रेड ज्या ओळीवर अडला त्याच ओळीवर उभा आहे, प्रत्येक टाकीत जेवढे शब्द होते तेवढेच आहेत. तो पुन्हा चालू करणे म्हणजे पंचनाम्यापूर्वी जागा झाडून काढणे होय. म्हणून जाणते शोधक प्रथम दोन-तीन मिनिटे मागून घेतात. तेवढ्यात ते दोन्ही यंत्रांवरील थ्रेडांच्या याद्या थोड्याथोड्या अंतराने तीन वेळा घेतात. तिन्हींत जो थ्रेड त्याच जागी दिसेल तो खरोखर थांबलेला. मग सॉकेटांची यादी पाहतात. एका टोकाच्या टाकीत न वाचलेले शब्द साचलेले व दुसऱ्या टोकाच्या टाकीत न गेलेले शब्द अडकलेले असले, तर वाचणारा कोठे गुंतला आहे हेच शोधावयाचे राहते. एवढे झाल्यावर यंत्र खुशाल पुन्हा चालू करावे, आणि मग सावकाश कागदावर होल्टच्या रीतीने बाण काढीत बसावे. वर्तुळ हाती लागले म्हणजे ते मुद्दाम पुन्हा घडवून पाहावे. टाक्या लहान कराव्या, उत्तरास मुद्दाम विलंब लावावा, कानने लॉस अँजेलिसला केले तसे. जो दोष आपल्याला हवा तेव्हा घडविता येतो तोच दूर झाला असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला येतो.

दुरुस्ती बहुधा चार-दोन ओळींची असते. जाळ्यावर वाट पाहताना हाती लॉक ठेवू नये. अनेक लॉक ठरलेल्या क्रमानेच घ्यावे. लिहिता लिहिता वाचीतही राहावे. आणि कोणत्याही उत्तराची वाट पाहण्यास मुदत असावी. मुदतीविषयी मात्र एक सावधगिरीची सूचना. मुदत संपली म्हणून सर्वांनी माघार घेऊन एकाच क्षणी पुन्हा प्रयत्न केला तर अरुंद बोळात समोरासमोर आलेल्या दोन माणसांसारखे होते. दोघेही एकाच बाजूस सरकतात, आणि पुन्हा दुसऱ्या. म्हणून माघारीचा काळ प्रत्येकाचा थोडा निराळा ठेवतात.

पुरावा जपण्याचे मोल दाखविणारे एक उदाहरण आकाशातील आहे. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेले पाथफाइंडर हे यान मधूनमधून आपणहून पुन्हा चालू होऊ लागले. ती शुद्ध कोंडी नव्हती, पण तिच्याच भावकीतील होती. हवामानाचे कमी महत्त्वाचे काम लॉक धरून बसे, अत्यंत महत्त्वाचे काम त्यासाठी खोळंबे, आणि मधल्या महत्त्वाची कामे पहिल्यास पुढे सरकू देत नसत. पृथ्वीवर तसेच यंत्र ठेवलेले होते व प्रत्येक घडामोडीची नोंद घेण्याची सोय प्रोग्रामात राखलेली होती. म्हणून तज्ज्ञांस तो प्रसंग येथे घडविता आला, आणि दुरुस्ती कोट्यवधी मैलांवर पाठविता आली. त्याहून पुढचे पाऊल लिनक्स प्रणालीत २००६ साली पडले. त्या प्रणालीतील एक साधन लॉक कोणत्या क्रमाने घेतले जातात ते टिपून ठेवते, आणि उलट क्रम प्रथमच दिसताच, कोंडी झालेली नसतानाही इशारा देते. थॉर्पसारखा अनर्थ होण्याची वाट न पाहता केवळ नियमभंगावरून सावध करणारी ही व्यवस्था रेल्वेच्या नियंत्रकाची वंशज म्हणता येईल. तारेपलीकडची वर्तुळे मात्र तिच्या नजरेबाहेर राहतात. ती शोधण्यास अजून माणसाचीच बुद्धी लागते.

ह्या दीडशे वर्षांच्या कथेत दोन वृत्ती आरंभापासून समोरासमोर उभ्या आहेत. एक म्हणते, 'असे क्वचित घडते, सोडून द्या'. दुसरी म्हणते, 'एकदा घडले म्हणजे ते घडू शकते.' आरक्षण, बँका, वीज, रुग्णालये ही सारी आज अशाच प्रोग्रामांच्या परस्परसंभाषणावर चालतात, आणि दिवसातून कोट्यवधी वेळा होणाऱ्या व्यवहारात कोटीतून एकदा घडणारी गोष्ट रोज घडते, हे गणित फार कठीण नाही. तेव्हा आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले ह्या व्यवसायात आहेत त्यांस आमचे एवढेच सांगणे आहे. सकाळी "पुन्हा चालू केला" हे उत्तर आले म्हणजे आणखी एक प्रश्न विचारावा: "चालू करण्यापूर्वी कोण कोणासाठी थांबला होता हे लिहून ठेवलेस ना?" मुलगा प्रथम चकित होईल. परंतु त्याच्या वरिष्ठांनी त्यास विचारावयास हवा असा हाच प्रश्न आहे, आणि तो विचारण्याइतका वेळ कचेऱ्यांतून पुष्कळदा दिला जात नाही.